अहिराणी शब्द मराठी मजकुरात वेगळे कसे दाखवावेत : ठळक, तिरपे की अधोरेखित?

बोरीकाठ (अमळनेर)

सप्रेम नमस्कार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि कानबाई या खानदेशातल्या देवीच्या उत्सवात म्हटली जाणारी गाणी, तसेच जुन्या माणसांच्या तोंडी असलेले आन्हे (कोडी) गोळा करून त्यांचे एक छोटे संकलन करण्याचे काम आमच्या गावच्या वाचनालयाने माझ्याकडे सोपवले आहे. गाणी अहिराणीत आहेत आणि त्यांखालची टिपणे प्रमाण मराठीत आहेत. संकलन दोन रूपांत द्यायचे ठरले आहे : फोनवर वाचण्यासाठी पीडीएफ, आणि वाचनालयात ठेवण्यासाठी ए४ कागदावरची झेरॉक्स प्रत.

अडचण टिपणांत आहे. मराठी वाक्यात अहिराणी शब्द आला की तो मुद्रणदोष वाटण्याची भीती असते. आपल्याकडे ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो, त्यामुळे केळीची ‘केयी’ होते, डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि काळ्याचा ‘काया’ होतो. ‘माले’, ‘तुले’ ही रूपे किंवा ‘चा-ची-चे’ ऐवजी येणारे ‘ना-नी-नं’ हे प्रत्यय नाशिकच्या पलीकडच्या वाचकाला चुकाच वाटतील. म्हणून, इंग्रजी पुस्तकांत परभाषेतील शब्द तिरप्या अक्षरांत छापतात तसे मी सारे अहिराणी शब्द तिरपे केले. मग त्यांचे अर्थ ठळक केले, विधींची नावे अधोरेखित केली, गाणे सांगणाऱ्या बाईचे गाव हिरव्या रंगात घातले आणि ज्या ओळी पुन्हा तपासायच्या आहेत त्या लाल केल्या. काम चालू असताना मला ही व्यवस्था फार शास्त्रशुद्ध वाटत होती.

पहिला मसुदा मी गावातील एका वयोवृद्ध वाचकांना दिला. ते रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांनी फोनवर दीड पान वाचले आणि फोन परत करीत म्हणाले, “भाऊ, मना डोया दुखतस.” मला आधी त्यांच्या मोतीबिंदूची शंका आली, परंतु त्याच चष्म्याने त्यांनी माझ्यासमोर वर्तमानपत्र उघडून छोट्या जाहिराती वाचून दाखवल्या. तेव्हा दोष डोळ्यांचा नसून माझ्या मांडणीचा आहे, हे मान्य करावे लागले.

तिरपी देवनागरी वाचायला खरोखरच अवघड असते, की मी निवडलेला फाँट वाईट आहे? आणि तिरपे अक्षर सोडले तर अहिराणी शब्द वेगळा आहे हे वाचकाला कसे कळवावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खिळेजुळारी (धुळे)

बोरीकाठ भाऊ, मी ३१ वर्षे छापखान्यात काढली आहेत. त्यांतील पहिली चौदा वर्षे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, जुळवण्यात गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमच्या मराठी केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, दोनच प्रकारचे खिळे असत : साधा आणि काळा, म्हणजे आजचा ठळक. काळा टाइप मथळ्यांना आणि कोशातल्या मूळ शब्दांना वापरला जाई, आणि एखाद्या परिच्छेदात तो दोनदा दिसला तर मालक विचारीत की लेखक रागावला आहे काय. तिरपा खिळा आमच्याकडे मराठीत नव्हताच. इंग्रजी केसमध्ये मात्र तो होता, आणि त्याला कारण आहे. व्हेनिसमध्ये अल्डस मॅन्युशियसने १५०१ साली तिरप्या अक्षरांत पुस्तक छापले, ते त्या काळच्या इटालियन पंडितांच्या भराभर लिहिण्याच्या वळणावरून. त्यामुळे रोमन लिपीत तिरपे अक्षर हे मुळात वेगळे अक्षर आहे. त्यातला ए किंवा एफ पाहिला तर सरळ अक्षराहून त्याची घडणच निराळी दिसते. आपल्याकडे भराभर लिहिण्यासाठी देवनागरीला तिरपे करण्याची गरज कोणाला पडली नाही, कारण त्या कामाला मोडी होती. पोथी बाळबोधात आणि हिशेब मोडीत, अशी ती वाटणी होती. तेव्हा आज संगणकावर ‘आय’ चे बटण दाबून जे मिळते ते देवनागरीचे दुसरे वळण नसते, उभे असलेलेच अक्षर वाऱ्याने कलल्यासारखे दिसते.

कलले तर बिघडते काय, असे आपण विचाराल. देवनागरी वाचताना डोळा वर शिरोरेषा धरून चालतो आणि खाली काने मोजतो. अक्षर तिरपे केले की काने कलतात, पण शिरोरेषा आडवीच राहते, म्हणजे चौकट सरळ आणि खांब वाकडे. त्यात पहिल्या वेलांटीची कमान पुढे झुकते, मात्रा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर सरकते, आणि ‘ख’ व ‘रव’, ‘भ’ व ‘म’, ‘ध’ व ‘घ’ या जोड्यांमध्ये जो बारीकसा फरक असतो तो शोधावा लागतो. ओळखीच्या शब्दात वाचक अंदाजाने पुढे जातो. आपण मात्र नेमके अनोळखी शब्द तिरपे केले आहेत. ‘डोया’ हा शब्द आधीच वाचकाला अडवतो. तो तिरपा करून आपण त्या अडणाऱ्या माणसाच्या पायात आणखी दोरी घातली.

अधोरेखनाबद्दल तर मला सक्त बोलायचे आहे. हस्तलिखितात लेखक शब्दाखाली रेघ ओढीत असे ती जुळाऱ्यासाठी सूचना असे : हा शब्द काळ्यात घ्या, किंवा अवतरणात घ्या. ती रेघ छापायची नसे. टंकलेखन यंत्रे आली, त्यांत काळा टाइप नव्हता, म्हणून रेघ कागदावरच राहू लागली, आणि पुढे संगणकाने ती सवय तशीच उचलली. रोमन अक्षरांच्या खाली मोकळी जागा बरीच असते. आपल्या अक्षरांच्या खाली उकार, ऋकार आणि पायमोडके जोडाक्षर नांदत असतात. ‘कुटुंब’, ‘गुरू’, ‘मृत्यू’, ‘राष्ट्र’ हे शब्द अधोरेखित करून पाहा. रेघ नेमकी उकाराच्या पोटातून जाते आणि ऱ्हस्व-दीर्घ कळेनासे होते.

रंगाबद्दल एक आठवण सांगतो. आमच्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते आहेत. लहानपणी वडिलांनी ती दाखवायला नेले होते, तेव्हापासून मला जुन्या पोथ्यांच्या लेखनाचे कुतूहल आहे. पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडीत नसत, सगळी ओळ एकाच शिरोरेषेला टांगलेली असे. तरी ओवी कोठे संपली हे पटकन दिसे, कारण दंड आणि ओवीचा अंक यांवर गेरूचा किंवा लाल शाईचा हात फिरवलेला असे. रंग होता, पण तो वाट दाखवण्यापुरता. आणि पिवळा रंग, म्हणजे हरताळ, हा चुकलेले अक्षर झाकण्यासाठी फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. आजकालचे विद्यार्थी महत्त्वाच्या ओळीवर पिवळा फासतात तेव्हा मला दर वेळी वाटते की यांनी ती ओळ रद्द केली.

माझा सल्ला : अहिराणी शब्द एकेरी अवतरणात घ्यावेत आणि काळा टाइप फक्त गाण्यांच्या नावांना ठेवावा. बाकी सारे साधे.

शिरोरेघ (जळगाव, सध्या पुणे)

खिळेजुळारी काकांनी लिपीच्या बाजूने सांगितले, मी संगणकाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या मते त्या आजोबांचे डोळे दुखण्याचे सर्वांत मोठे कारण अजून कोणी सांगितलेलेच नाही.

ए४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर असते. हातातल्या फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ७० मिलिमीटर असते. ए४ पानाची पीडीएफ फोनवर पूर्ण रुंदीत उघडली की सारे पान एक तृतीयांश होते, म्हणजे आपण १२ पॉइंटमध्ये लिहिलेला मजकूर वाचकाला ४ पॉइंटचा दिसतो. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरदेखील सहसा त्याहून मोठा असतो. वाचक मग दोन बोटांनी पान मोठे करतो, आणि प्रत्येक ओळीसाठी डावी-उजवीकडे सरकवत बसतो. त्यावर तिरपे, ठळक आणि लाल-हिरवे आले म्हणजे मग विचारायलाच नको. फोनसाठी वेगळी पीडीएफ करावी, पानाचा आकार ए६ म्हणजे १०५ मिलिमीटर रुंद ठेवावा आणि अक्षर १४ पॉइंटचे घ्यावे. तेच अक्षर पडद्यावर सुमारे ९ पॉइंटचे दिसेल आणि पान सरकवावे लागणार नाही.

आता तिरप्या अक्षराविषयी. बहुतेक देवनागरी फाँटांमध्ये तिरपा नमुना आखलेलाच नसतो. तरी बटण दाबल्यावर अक्षर तिरपे दिसते, कारण प्रणाली सरळ अक्षराची आकृती घेऊन तिला यांत्रिकपणे एका बाजूला ढकलते. पॉपिन्ससारख्या काही फाँटांत देवनागरीचा तिरपा नमुना मुद्दाम काढलेला आहे आणि तो बराच सुसह्य आहे, परंतु काकांनी सांगितलेली काने-शिरोरेषेची कुचंबणा तेथेही पूर्ण जात नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर दोन खालच्या रेघांमध्ये शब्द घालून तिरपा केला, तर तो सगळ्या फोनवर सारखा दिसेल याचा भरवसा नाही. तिरपेपणात अर्थ ठेवला असेल तर तो अर्थ वाटेतच गळतो.

ठळक अक्षराचेही तसेच आहे. फाँटात एकच वजन (म्हणजे अक्षराच्या जाडीची एकच पातळी) असेल तर प्रणाली अक्षराच्या कडा फुगवून खोटे ठळक बनवते. ‘ण’, ‘ष’, ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते, आणि अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला चिकटतो. अहिराणीत ‘नं’ हा प्रत्यय आहे, तेव्हा टिंब गेला की व्याकरण गेले. म्हणून ज्या फाँटात अनेक वजने खरोखर आखलेली आहेत असा घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ आणि गुगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत वजने भरपूर आहेत. पूर्ण ठळक न घेता त्याच्या अलीकडचे अर्धठळक घेतले तर छोट्या आकारातही अक्षराची पोटे उघडी राहतात.

ठळक करताना मराठीत आणखी एक पेच येतो, तो इंग्रजीत नाही. आपला प्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘कानबाईच्या’ या शब्दातले ‘कानबाई’ ठळक आणि ‘च्या’ साधे ठेवले तर शिरोरेषा मध्येच जाडीची पायरी उतरते आणि एक शब्द दोन शब्दांसारखा दिसतो. सामान्यरूप झाले असेल तर मूळ शब्द कोठे संपतो हेही सांगता येत नाही. प्रत्ययासह पूर्ण शब्द ठळक करावा, किंवा करूच नये. अक्षरांमधली जागा वाढवण्याचा मोहही टाळावा, कारण पुष्कळ ठिकाणी त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात.

ओळींमधले अंतर हा माझ्या दृष्टीने कोणत्याही ठळक-तिरप्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. देवनागरीत अक्षराच्या वर एक मजला आणि खाली एक मजला असतो. वरच्या ओळीतला दीर्घ उकार आणि खालच्या ओळीतला रफार-अनुस्वार एकमेकांना भिडले की वाचक ओळ चुकतो. वेबवरील सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २०१८ च्या आवृत्तीत अशी अट आहे की वाचकाने ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट केले तरी मजकूर बिघडता कामा नये. आपण मराठीसाठी दीडपट ही सुरुवातच समजावी.

त्याच निकषांत रंगाचेही माप आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ असावे असे ते सांगतात. पांढऱ्यावर काळे असेल तर हे प्रमाण २१ : १ येते. पांढऱ्यावर निव्वळ लाल घेतला तर सुमारे ४ : १, म्हणजे थोडक्यात नापास, आणि पडद्यावरचा निव्वळ हिरवा घेतला तर जेमतेम १.४ : १. आपण गावांची नावे कोणत्या हिरव्यात घातली आहेत मला ठाऊक नाही, पण पोपटी असेल तर ती गावे नकाशावरून पुसल्यातच जमा आहेत.

जाता जाता : फाइल बनवताना भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी, ‘हिंदी’ नव्हे. नोटोसारख्या फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आत दडलेली असतात आणि भाषा मराठी सांगितली तरच ती बाहेर येतात. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णलेखनाविषयी जो निर्णय काढला त्यातही या दोन अक्षरांची मराठी वळणे धरली आहेत. हा मुद्दा वाचनीयतेचा म्हणावा की अस्मितेचा, यावर माझे आणि माझ्या कार्यालयातल्या मित्रांचे एकमत नाही. मला स्वतःला मात्र दंड असलेला ‘ल’ लांबूनच परका वाटतो.

सातपुड्याची_शिक्षिका (शहादा)

खिळेजुळारी काकांचा अनुभव मोठा आहे, तरी त्यांच्या एका युक्तिवादाशी मी सहमत नाही. तिरपे अक्षर व्हेनिसहून आले म्हणून ते आपले नव्हे, असे म्हटले तर स्वल्पविराम, अर्धविराम आणि प्रश्नचिन्हही आपले नाहीत. ती मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून १९ व्या शतकात मराठीत रुजली. त्याआधी आपल्याकडे दंडावर काम भागत होते. आज स्वल्पविरामावाचून मराठी वाचण्याची कोणाची तयारी आहे? परकेपणा हा निकष होऊ शकत नाही. वाचकाला मदत होते की नाही एवढेच पाहावे.

मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्या घरी भिली किंवा पावरी बोलतात, आणि मराठी ही त्यांची शाळेत आल्यावरची भाषा आहे. या मुलांसाठी मी वर्षानुवर्षे फलक आणि वाचनपाठ लिहीत आले आहे. नवा शब्द ठळक केला की मुले त्याच्याशी थांबतात, हे मी रोज पाहते, त्यामुळे ठळक अक्षराला केवळ मथळ्यात कोंडून ठेवणे मला पटत नाही. मात्र एका पानावर तीनपेक्षा जास्त शब्द ठळक झाले की तीच मुले फक्त ठळक शब्द वाचतात आणि मधला मजकूर ओलांडून जातात. मोठी माणसेही तेच करतात, फक्त कबूल करीत नाहीत.

मोठ्यांच्या लेखनाबाबत माझे आणखी एक निरीक्षण आहे. इंग्रजीत जोर दाखवायला अक्षर बदलावे लागते, कारण वाक्यातली शब्दांची जागा सहसा ठरलेली असते. मराठीत जोर देण्याची सोय भाषेतच आहे. ‘गाणी आजच लिहून घ्या’ आणि ‘गाणीच आज लिहून घ्या’ या दोन वाक्यांत ‘च’ ने सारे काम केले आहे. ‘तर’, ‘मात्र’, ‘सुद्धा’, ‘देखील’ हे शब्द आहेत, आणि शब्दांची उलटापालट करण्याची मुभा आहे. ज्या वाक्यात ‘च’ आहे तेथे पुन्हा ठळक करणे म्हणजे एकाच माणसाला दोनदा हाक मारणे होय. बोरीकाठ सर, आपल्या टिपणांतले ठळक शब्द एकदा काढून वाक्ये मोठ्याने वाचून पाहा. जेथे अर्थ लंगडा वाटेल तेथे बहुधा ‘च’ घालायचा राहिला असेल.

आता ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसते अशा वाचकांबद्दल. माझे एक सहकारी फोनवर मजकूर ऐकून वाचतात. पडदा वाचणाऱ्या प्रणाली सर्वसाधारण मांडणीत अक्षर ठळक आहे की तिरपे आहे हे सांगतच नाहीत, आणि रंग तर नाहीच नाही. म्हणजे ‘लाल ओळी तपासायच्या आहेत’ असे आपण लिहिले तर त्यांना सगळ्या ओळी सारख्याच ऐकू येतात. ज्यांना लाल आणि हिरवा यांत फरक करता येत नाही अशा पुरुषांची संख्याही कमी नसते. आणि आपली झेरॉक्स प्रत काळी-पांढरी असेल तर डोळे चांगले असणाऱ्यांनाही लाल काय आणि हिरवे काय, दोन्ही करडेच दिसणार. तेव्हा रंगाने जे सांगायचे ते शब्दाने सांगावे : ओळीच्या शेवटी कंसात ‘तपासणे’ असे लिहावे. याउलट बोधचित्रांची (इमोजींची) नावे प्रणाली मोठ्याने वाचते. एका शुभेच्छेत सलग नऊ फुले आली होती. ती सारी फुले ऐकून होईपर्यंत सहकाऱ्यांना शुभेच्छा कशाच्या आहेत तेच कळले नव्हते.

एक गोष्ट कोणीच विचारली नाही म्हणून लिहिते. आपण मजकूर दोन्ही कडांना समतल केला आहे काय? मराठीत लांबलचक सामासिक शब्द असतात आणि साध्या लेखनप्रणालीत ते ओळीअखेर तुटत नाहीत, त्यामुळे अरुंद पानावर ओळ ताणली जाऊन शब्दांमध्ये खिंडारे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी.

शेवटी अहिराणी शब्दांविषयी, जो आपला मूळ प्रश्न आहे. परभाषेतला शब्द वेगळा दाखवावा ही प्रथा पाहुण्याला ओळखपत्र देण्यासारखी आहे. आपल्या संकलनात पाहुणा कोण आहे? पुस्तक अहिराणी गाण्यांचे आहे, गाव अमळनेर तालुक्यातले आहे, पहिला वाचक घरी अहिराणी बोलणारा आहे. पाहुणी असेल तर टिपणांतली प्रमाण मराठी. मग ‘डोया’ या शब्दाला पानोपानी अवतरणात का उभे करावे? सुरुवातीला एक पानभर निवेदन लिहावे, ‘ळ’ चा ‘य’ होतो आणि प्रत्यय असे असे बदलतात हे तेथे सांगावे, आणि पुढे शब्द साधेच येऊ द्यावेत.

खिळेजुळारी (धुळे)

ताई, विरामचिन्हांचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण त्यात एक फरक आहे. स्वल्पविराम अक्षराच्या शेजारी बसतो, अक्षराच्या अंगाला हात लावीत नाही. कँडीसाहेबांनी आणलेली सारी चिन्हे शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतात. तिरपेपणा आणि अधोरेखन हे अक्षराच्या शरीरातच घुसतात, आणि ते शरीर रोमन अक्षराच्या शरीराहून वेगळे आहे. माझी तक्रार परकेपणाची नव्हती, मापाची होती. लिहिताना मी ती नीट मांडली नाही हे कबूल करतो.

अवतरणांबाबत मात्र आपले म्हणणे पूर्ण मान्य. फक्त एवढे करावे की जो शब्द टिपणात पहिल्यांदा येतो आणि ज्याचा अर्थ लगेच पुढे दिला आहे, तेवढ्या एकाच ठिकाणी एकेरी अवतरण असावे. तेथे आपण शब्दाकडे शब्द म्हणून बोट दाखवीत असतो, तेथे मराठी शब्दालाही अवतरण लागते. दुसऱ्या वेळेपासून नको.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या काळात सांगितलेले करून पाहिले.

शिरोरेघ यांनी सांगितल्याप्रमाणे फोनसाठी ए६ पानाची वेगळी फाइल केली, फाँट ‘मुक्ता’ घेतला, अक्षर १४ पॉइंटचे आणि ओळींतले अंतर दीडपटीहून थोडे अधिक ठेवले. हा एवढा बदल केला, आणि तिरपे, ठळक, रंगीत सारे मुद्दाम जसेच्या तसे ठेवून त्याच आजोबांकडे गेलो. या वेळी त्यांनी चार पाने वाचली. म्हणजे डोळे दुखण्यातला मोठा वाटा खरोखर पानाच्या आकाराचा होता. मग तिरपेपणा आणि रंग काढून टाकलेली दुसरी प्रत दिली. ती त्यांनी बसल्या बैठकीत संपवली आणि वर तीन गाण्यांत पाठभेद सांगितले. पैकी एक पाठभेद माझ्याजवळच्या पाठापेक्षा नक्कीच जुना आहे. मसुदा वाचता आला नसता तर हा पाठ हाती लागला नसता, याची रुखरुख मला अजून आहे. आणखी कोणाकोणाला मी ती पहिली प्रत दिली होती ते आता आठवून आठवून पुन्हा जात आहे.

शिक्षिका ताईंचा ‘च’ चा उपाय करून पाहताना थोडी फजिती झाली. ठळक शब्द काढून वाक्ये मोठ्याने वाचली, तेव्हा ‘च’ घालण्याची गरज दोनतीन ठिकाणीच निघाली. उरलेल्या बहुतेक ठिकाणी लक्षात आले की तो शब्द ठळक करण्याचे मला काही कारणच नव्हते. बटण समोर होते म्हणून दाबले होते. आता ठळक अक्षर गाण्याच्या नावाला आहे आणि प्रत्येक टिपणात जास्तीत जास्त एका शब्दाला आहे, तोही प्रत्ययासह. काका आणि ताई या दोघांच्या मतांमधला हा मध्य आहे, आणि दोघांनीही मला थोडे रागवावे अशी अपेक्षा आहे.

अहिराणी शब्दांबाबत ताईंचे पाहुण्याचे वाक्य दोन दिवस डोक्यात राहिले. मी स्वतः घरी अहिराणी बोलतो आणि लिहायला बसलो की तिला पाहुणी करतो, हे मला तोवर दिसले नव्हते. निवेदनाचे पान लिहून झाले. अवतरण पहिल्या उल्लेखापुरतेच राहील. गाणी आता डावीकडून थोडी आत सरकवून, वर-खाली एकेक ओळ मोकळी सोडून घातली आहेत. ती गाणी आहेत हे सांगायला दुसऱ्या कोणत्याही खुणेची गरज उरलेली नाही. ‘तपासणे’ हा शब्द कंसात आला आहे.

एकच शंका उरली आहे. गाणे सांगणाऱ्या बाईचे गाव, जे पूर्वी हिरव्या रंगात होते, ते आता कोठे ठेवावे? गाण्याच्या नावाशेजारी घातले तर नाव लांबते, आणि टिपणाच्या पोटात घातले तर शोधूनही सापडत नाही.

सातपुड्याची_शिक्षिका (शहादा)

गाणे संपल्यावर, टिपण सुरू होण्याआधी, त्याची स्वतंत्र ओळ करावी आणि ती उजव्या कडेला घ्यावी. अक्षर साधेच, हवे तर एक-दोन पॉइंट लहान, पण करडे करू नये. निमंत्रणपत्रिकेत आणि प्रस्तावनेत सही-गाव तेथेच असते, त्यामुळे वाचकाचा डोळा आपोआप तेथे जातो. आणि शक्य असेल तर एकट्या गावाऐवजी बाईची संमती घेऊन तिचे नावही त्या ओळीत घालावे.

बोरीकाठ (अमळनेर)

नावे घालायची असे ठरवले होते, पण दोघींनी नको म्हटले आहे. त्यांच्या ओळीत फक्त गाव राहील. बाकीच्यांना उद्यापासून विचारायला निघतो.